घरमाशांवर वनस्पतींची सुगंधी तेले: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरात रासायनिक फवारा मारायचा नाही असे ठरवून गेले अनेक महिने मी माशांसाठी गवती चहा, निलगिरी, पुदिना आणि लवंग यांची तेले आलटून पालटून वापरत आहे. त्यांचा उपयोग निश्चित होतो. मात्र तो माशा हाकलण्यापुरता होतो, त्यांची संख्या घटवण्यासाठी नाही, आणि तेल विकत घेण्यापूर्वीच हे ध्यानात घेतलेले बरे.

चौघांत गवती चहाचे तेल मला सर्वांत गुणकारी वाटले. त्यातील सिट्रल या घटकाचा वास माशांना सहन होत नाही. ओटा त्याने पुसला की माशी जवळ येते, घिरट्या घालते, क्षणभर टेकते आणि लगेच उडून जाते. परंतु ज्या गुणामुळे हे तेल हवेत पसरते, त्याच गुणामुळे ते उडूनही जाते. पंखा चालू असेल तर दोनेक तासांत माशा पुन्हा त्याच जागी बसलेल्या दिसतात. प्रयोगशाळेत ही तेले माशा मारतातही, पण तेवढी तीव्रता राहत्या घरात नाकाला आणि डोळ्यांना सोसणारी नाही.

तेल नुसत्या पाण्यात मिसळत नाही. लवंगाचे सोडून बाकीची तेले वर तरंगतात आणि फवाऱ्याची नळी तळातले पाणी ओढते, त्यामुळे आधी निव्वळ पाणी आणि शेवटी निव्वळ तेल बाहेर पडते. म्हणून तेल आधी थोड्या द्रवरूप साबणात घोटून मग पाणी घालावे, दर वेळी बाटली हलवावी, आणि ती शक्यतो काचेचीच घ्यावी, कारण काही प्रकारचे प्लास्टिक या तेलांनी मऊ पडते.

खरा फरक पडला तो ओला कचरा रोज बाहेर टाकून डबा धुऊन कोरडा ठेवू लागल्यावर. मादी एका वेळी शंभरेक अंडी कुजणाऱ्या ओल्या पदार्थांत घालते आणि उष्ण हवेत 7 ते 10 दिवसांत त्यांच्या माशा होतात. तिथपर्यंत कोणताही सुगंध पोहोचत नाही. खिडकीला जाळी आणि डब्याला घट्ट झाकण असेल, तरच जेवणाच्या वेळेपुरते तेल पुरेसे ठरते.

लवंगाचे तेल पातळ न करता त्वचेला लागले तर आग होते. घरात मांजर असेल तर ही तेले न वापरणेच योग्य, कारण त्यांतील अनेक घटकांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही आणि अंगावर पडलेले तेल ते चाटून पोटात घेते.