उरुळी कांचन की कडियम? पितृपंधरवड्यातल्या खरेदीचा हिशेब

गौरी-गणपती झाले की नर्सरीच्या दारातली वर्दळ ओसरते. पितृपंधरवड्यात नवं काही घ्यायचं नाही म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही. किरकोळ नर्सरीवाल्याला हे पंधरा दिवस रिकामे वाटतात. मला मात्र ते वर्षातले सगळ्यात मोलाचे वाटतात. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत जो माल विकायचा, तो याच दिवसांत आणून सावलीत बसवायचा असतो. पहिल्यांदा घाऊक खरेदीला निघालेल्या प्रत्येकाला तेव्हा एकच प्रश्न पडतो: उरुळी कांचनला जाऊ की थेट कडियम गाठू?

दोन्ही ठिकाणच्या नर्सऱ्या कालव्याच्या पाण्यावर वाढल्या. उरुळी, सोरतापवाडी, लोणी काळभोर हा पट्टा खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचा. कडियम आंध्रात, राजमहेंद्रवरमजवळ. दवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला आणि गोदावरीचं पाणी तिथल्या गावागावांत पोचलं. पुण्याहून उरुळी साधारण तीस किलोमीटर, कडियम हजाराच्या घरात. आणखी एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. पुणे-सोलापूर-हैदराबाद-विजयवाडा हा एकच महामार्ग. कडियमची गाडी विजयवाड्यापासून याच रस्त्याने येते, उरुळीच्या दारावरून जाते आणि पुष्कळदा उरुळीतच रिकामी होते. म्हणजे उरुळीत दिसणारं प्रत्येक रोप उरुळीत वाढलेलं नसतं. याकडे पुन्हा येतो.

आधी माती, कारण फरक तिथूनच सुरू होतो. कडियमच्या रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, गोदावरीच्या गाळाची: काळसर, चिकण, जड. ती मुळांना घट्ट धरते, म्हणून हजार किलोमीटरच्या हादऱ्यांतही फुटत नाही. तोच गुण आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात आडवा येतो. हुंडी एकदा वाळली की आक्रसते, पिशवीपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी कडेने ओघळून तळाच्या भोकातून निघून जातं. वरची माती ओली, आतली मुळं कोरडी. रोप रोज पाणी पिऊन तहानेने मरतं. उपाय सोपा आहे: माल उतरवल्यावर पिशवी पाण्याच्या टबात बुडवून ठेवायची आणि बुडबुडे थांबले की काढायची. कुंडी बदलायची घाई करायची नाही. दोन-तीन आठवड्यांनी बदलताना हुंडी फोडायची नाही, बाहेरची कड तेवढी हाताने मोकळी करायची.

उरुळीच्या पिशवीत बहुधा लाल माती, शेणखत, कुठे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कुठे भाताचं तूस. हलकी, निचऱ्याची. मुळं लवकर सरसावतात, कुंडीतही सहज बसतात. पण ती भराभर वाळते, आणि रोप खोडाला धरून उचललं तर हुंडी हातातच सुटते. माल भरताना हमालांना पिशवीखाली हात घालायला सांगा. मी दर खेपेला सांगतो, तरी दोन-चार रोपं सुटतातच.

आता मालाकडे. दसरा-दिवाळीचा फुलांचा माल उरुळीचाच घ्यावा, यात मला शंका नाही. शेवंती घ्या. दिवस लहान होऊ लागले की तिला कळी धरते. जून-जुलैत लावलेल्या काड्यांचे शेंडे ऑगस्टपर्यंत खुडत आणलेले असतात, आणि सप्टेंबरअखेर झाड गोल, कळ्यांनी भरलेलं होतं. असं झाड दोन रात्री ताडपत्रीखाली कोंडलं की कळ्या गळतात. बंद गाडीत पानाफुलांतून निघणारा इथिलीन वायू साठतो, आणि जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांचंही तेच होतं. शेवंती निवडताना एक-दोन कळ्यांनाच रंग दिसेल अशी घ्या. पूर्ण उमललेली झाडं गाडीत सुंदर दिसतात, पण अष्टमीपर्यंत उतरणीला लागतात.

पॉइन्सेटियाही याच सुमारास हिरवाच घेता येतो. त्याची वरची पानं नाताळपर्यंत लाल व्हायची तर रात्र अखंड काळोखी हवी. रस्त्याच्या दिव्याखाली ठेवलेली रांग डिसेंबरातही हिरवी राहिलेली मी पाहिली आहे, आणि बिचारा माळी खतं बदलत बसला होता. शेवंतीलाही रात्रीचा उजेड चालत नाही.

पिटुनिया, पॅन्सी, डायंथसची ट्रे-रोपं मात्र सप्टेंबरात कुणी देऊ केली तरी घेऊ नका. उष्म्याने ती लांबुडकी होतात आणि उरलासुरला पाऊस पाकळ्या नासवतो. रात्री गार व्हायला लागल्या की घ्या. आंब्याची कलमं दोन्हीकडे दिसतील, पण ती पावसाळ्यात न खपलेली, पिशवीत मुळं गुंडाळलेली असण्याची शक्यता जास्त.

कडियमचं खरं बळ पानांच्या आणि मोठ्या झाडांच्या मालात आहे. अरेका, फॉक्सटेल, रॉयल पाम, क्रोटन, ड्रॅसिना, एक्झोरा, छाटून आकार दिलेले फायकस: इतकी विविधता आणि इतकी एकसारखी उंची एका फेरीत दुसरीकडे मिळवणं अवघड. बंगल्याचं किंवा सोसायटीचं काम हातात असेल आणि शंभर पाम एकाच मापाचे हवे असतील, तर कडियमच. जागेवर भावही उतरता मिळतो. पण तो भाव म्हणजे तुमचा भाव नव्हे. त्यात नगामागे भाडं, दोन्हीकडची हमाली आणि मर (मरून जाणारी रोपं) धरा. गाडी पूर्ण भरत नसेल तर भाड्याचा भार प्रत्येक नगावर चढतो आणि सगळी स्वस्ताई तिथेच संपते. शिवाय ऑक्टोबर हा आंध्र किनाऱ्यावर वादळांचा महिना. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुडहुड विशाखापट्टणमवर आदळलं होतं. सणाच्या तोंडावर त्या रस्त्यावर भरवसा ठेवू नये.

पाम घेताना पानं उलटून बघा. नारळावरची सर्पिल पांढरी माशी भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीत सापडली, आणि ती पामवर्गीय रोपांबरोबर प्रवास करते. पानाखाली पांढरी गोल गोल नक्षी, खालच्या पानांवर काजळी दिसली की तो लॉट सोडून द्या. तुमचं गिऱ्हाईक कोकणातलं असेल तर ही किडीची रोपं उद्या कुणाच्या तरी नारळाच्या बागेत जाणार आहेत.

माझी पहिली कडियमची गाडी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आली. रोपं त्याच दुपारी उन्हात, रस्त्याला लागून मांडली. आठवडाभरात फायकसची निम्मी पानं खाली. झाडं मेली नव्हती, दिवाळीनंतर पुन्हा फुटली, पण सण उलटून गेला होता. तेव्हापासून नियम: कडियमचा माल पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली (निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली) निदान पंधरा दिवस, मग हळूहळू उन्हात. पितृपंधरवडा बरोबर तेवढाच असतो.

म्हणून तारीख आधी बघा. २०२४ मध्ये घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. अकरा दिवस इकडचे तिकडे, आणि लवकर आलेल्या सालात कडियमची गाडी गणपतीतच ठरवावी लागते.

पहिलंच वर्ष असेल, जागा चार-पाच गुंठे आणि शेडनेट थोडी, तर मी उरुळीच सांगेन. सकाळी पिकअप घेऊन जा, स्वतः निवडा, पंधरा दिवसांनी पुन्हा जा. पाम-क्रोटन हवेच असतील तर तेही तिथेच घ्या, फक्त पिशवीत बोट खुपसून माती बघा. काळी चिकण लागली तर नर्सरीवाल्याला सरळ विचारा: गाडी कधी उतरली? महिनाभरापूर्वी उतरली असेल आणि शेंड्याला नवं पान आलेलं असेल, तर चार पैसे जास्त देऊन घ्या. ते पैसे त्याने सोसलेल्या मरीचे आणि दिलेल्या सावलीचे आहेत. कालच उतरली असेल, तर त्या भावात घेऊ नका. पूर्ण गाडी भरेल एवढी विक्री, सावली आणि उतरवून घ्यायला चार माणसं असतील, त्या वर्षी कडियमला जा, आणि स्वतः जा. फोटो बघून मागवू नका, कारण फोटोत पानाची खालची बाजू दिसत नाही.