सोन्याचा कस पाहण्याचा ॲसिड संच: कशावर भरवसा ठेवायचा

कसोटीचा काळा दगड, 10, 14, 18 आणि 22 कॅरेटची ॲसिडं आणि चांदीची वेगळी बाटली. कमी कसाचं सोनं बाजूला काढायला हा संच उत्तम. पण ‘हे 916च (हजारात 916 भाग सोनं, म्हणजे 22 कॅरेट) आहे’ असं छातीठोकपणे सांगायला तो अपुरा आहे.

दागिना दगडावर घासून दोनेक सेंटीमीटरची ठसठशीत रेघ ओढा. डाग दिलेला सांधा टाळा, तिथलं सोनं बहुधा हलकं असतं. रेघेवर 14चा थेंब आडवा ओढा. रेघ विरली तर सोनं 585च्या खाली. टिकली तर 18चा (म्हणजे 750) थेंब, मग 22चा.

खरी गोम 22 मध्येच आहे. त्या ॲसिडमध्ये अस्सल 22 कॅरेटची रेघही सावकाश फिकी पडते. म्हणून शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सुईची रेघ ओढून दोन्हींचा वेग ताडून पाहावा लागतो. आणि नेमक्या त्या सुयाच संचात नाहीत! इतका खर्च करून घेणाऱ्याला त्या द्यायलाच हव्या होत्या.

दुसरी अडचण बाटलीची. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणातून क्लोरीन उडत राहतो, ॲसिड मवाळ पडतं आणि 18 कॅरेटची रेघ 22च्या थेंबाखाली तग धरते. म्हणजे शिळं ॲसिड नेहमी हलक्या सोन्याला भारी ठरवतं, गिऱ्हाईक बुडतं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. दर वेळी आधी 18च्या सुईच्या रेघेवर 22चा थेंब टाका. रेघ झटकन गेली नाही तर ती बाटली बाद.

जाड मुलाम्याची शंका असेल तर आतल्या बाजूला कानशीने बारीक खाच पाडून तिथली रेघ घ्या. चांदीचं ॲसिड लालभडक झालं तर चांदी चांगली, पण 925 आणि 999 मधला फरक त्यातून खात्रीने कळत नाही. रोडियम धातूचा मुलामा चढवलेली चांदी खाच न पाडता तपासूच नका. पांढरं सोनं आणि प्लॅटिनम यांच्यासाठी हा संच वापरू नये: प्लॅटिनमची रेघ थंड ॲसिडला दाद देत नाही, आणि पॅलेडियम मिसळलेलं पांढरं सोनं आपल्या कसापेक्षा वेगळं वागतं.

मोठ्या व्यवहारात एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या) यंत्रावर तपासून घ्या. तेही पृष्ठभागाचे काही मायक्रॉनच पाहतं. वाद मिटवायचा तर नमुना वितळवून केलेली अग्निपरीक्षाच ग्राह्य.

संच घ्यावा, सुया वेगळ्या विकत घेऊन. बाटल्या तराजूपासून लांब ठेवा, वाफेने काटा गंजतो.