जिन्नाशी प्रेम: 'हौजन' की बसऱ्याचा हसन?

'हौजन' ही इब्राहीम अब्बास यांची सौदी कादंबरी २०१३ साली गाजली. तिच्याशेजारी मी 'अरेबियन नाइट्स'मधली हसनची गोष्ट ठेवते. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे अरबी सुरस गोष्टींची गोडी जुनीच आहे. दोन्हींत माणूस आणि जिन्न (अरबी लोककथांतला, माणसाला सहसा न दिसणारा जीव) प्रेमात पडतात, पण गोष्ट सांगणारा वेगळा.

'हौजन'मध्ये जिन्नच 'मी' म्हणून बोलतो. जेद्दाहमधल्या त्याच्या घरात माणसांचं कुटुंब राहायला येतं आणि वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या सौसनवर त्याचा जीव जडतो. ती समोर असते, पण तिला तो दिसत नाही. ही घालमेल मला फार भिडली. पुढे २०२३ मध्ये यावर सिनेमाही आला.

हसन मात्र सोनार. निषिद्ध दार उघडतो आणि पक्षी होऊन आलेल्या जिन्नांच्या मुली पिसांचे झगे उतरवून तळ्यात शिरताना पाहतो. आवडलेलीचा झगा लपवतो, तिच्याशी लग्न करतो. पुढे बगदादेत, खलिफा हारून अल-रशीदच्या बेगमेच्या, जुबैदाच्या महालात तो झगा हसनच्या बायकोच्या हाती पडतो. अंगावर चढवून, दोन्ही मुलांना घेऊन ती उडून जाते. माझी ओढ असेल तर वाक बेटांवर ये, एवढा निरोप ठेवते. तिथे मी दर वेळी थांबते. चोरीतून सुरू झालेला संसार, आणि तरीही तिने वाट मोकळी ठेवली!

अरबी लोककथा नवीन असेल तर 'हौजन' आधी घ्या, सोपी जाते. मला निवड करायची झाली तर हसनच.