घोडबंदरचा ‘वेल्श’ बंगला: खांब झकास, धुण्याला जागा नाही

घोडबंदर रोडवरच्या एका रो-हाउस स्कीमचा सॅम्पल बंगला परवा भाचा आणि भाचेसुनेबरोबर बघून आले. स्कीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माहितीपत्रकावर ‘वेल्श कंट्री हाउसची शान’ असं छापलंय आणि सेल्सवाली मुलगी दर दोन वाक्यांनी जॉन नॅश या जुन्या ब्रिटिश आर्किटेक्टचं नाव घेते. मी नौपाड्यात एका आर्किटेक्टकडे आयुष्यभर ड्रॉइंगं काढली, आणि लेक वेल्समध्ये शिकत असताना नॅशने बांधलेलं तिथलं लानेरखायरॉन हे घर आतून-बाहेरून पाहून घेतलं. तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे.

आधी चांगलं. जिना सुरेख आहे. वर काच, उजेड सरळ खालच्या पायरीपर्यंत येतो, भरदुपारीही दिवा लावावा लागत नाही. ही युक्ती नॅशच्या घरातही आहे आणि इथे ती नीट उतरलीय. दिवाणखान्याची उंचीही सढळ. कॉफी बरी होती.

आता खांब. दर्शनी बाजूला चार गुबगुबीत खांब आणि त्यांवर महिरप. लानेरखायरॉनला जाऊन बघा, घर किती साधं आहे! दोन मजले, गिलाव्याच्या भिंती, खिडक्या मापात बसवलेल्या, वर स्लेटचं कमी उताराचं छप्पर. भपका नाहीच. केरेडिगियनमधल्या आयरॉन नदीच्या खोऱ्यातल्या विल्यम लुईस या जमीनदारासाठी नॅशने ते १७९०च्या दशकात बांधलं. १७८३ साली लंडनमध्ये नॅशचं दिवाळं निघालं होतं, म्हणून गडी वेल्समध्ये कार्मार्थनला येऊन राहिला आणि अशाच मध्यम ऐपतीच्या लोकांची घरं बांधत पुन्हा उभा राहिला. लंडनमधली रीजंट स्ट्रीट आणि बकिंगहॅम पॅलेसची त्याची कामं नंतरची. हौस त्याने आत केली, तीही बेताने: वरच्या मजल्यावर एक लंबगोल खोली आहे, तिचं प्लास्टरकाम बघत मी मान दुखेपर्यंत उभी होते.

लानेरखायरॉनच्या छपराची वळचण भिंतीच्या चांगली पुढे येते. तिकडे पाऊस बारमाही. आपल्याकडे चारच महिने, पण कसा ते ठाणेकरांना सांगायला नको. या बंगल्याला खिडक्यांवर नुसती नक्षीची पट्टी, छज्जा म्हणून नाहीच. ‘लुक बिघडतो मॅडम.’ नैऋत्येच्या बेडरूममध्ये खिडकीखाली आत्ताच रंगाला फुगे आलेत, ते मी भाच्याला बोटाने दाबून दाखवले.

पण माझा खरा राग मागच्या बाजूवर आहे. लानेरखायरॉनचं वैभव मागच्या चौकात आहे. चौकाभोवती कामाच्या खोल्या: दुधाची, चीज दाबायची, धुण्याची, पावाच्या भट्टीची, बिअर करायची, मांस खारवायची. बाजूला शेतघर, आणि भिंतबंद बागा. त्यांतल्या काही भिंतींतून गरम हवा खेळवून फळझाडांना ऊब द्यायची सोय. लागेल ते घरच्या घरी. नॅशने ही कामं कुठेतरी कोंबली नाहीत, त्यांना नीट आराखडा दिला. १९८९ साली घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आलं तेव्हा हे सगळं जवळजवळ शाबूत होतं, म्हणून तर लोक ते बघायला जातात.

आणि इथे? साडेतीन हजार स्क्वेअर फुटांत मोरी नाही. ड्राय बाल्कनी नाही. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की कंपाउंडची भिंत अंगावर येते. भाचेसुनेने विचारलं, ‘वॉशिंग मशीन कुठे?’ तर उत्तर, जिन्याखाली. पापड-कुरडयांचं वाळवण मी विचारलंसुद्धा नाही. कामवाल्या बाईंनी भांडी कुठे घासायची, यावर ती मुलगी बिचारी हसली फक्त.

भाचेसून हळूच म्हणाली, ‘आत्या, पुढचे खांब काढून मागे तेवढी जागा मिळेल का?’ सून हुशार आहे. मी मागच्या भागाचा दुरुस्त नकाशा, छज्जासकट, लेखी मागायला सांगितलंय. दिला तर बुक करावं. नाहीतर एवढ्या पैशांत पाचपाखाडीत मोठी ड्राय बाल्कनी असलेला फ्लॅट बघू, आणि तिथून स्टेशनला रिक्षाही मिळते.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, आणि पाऊस पडून गेल्यावरच जा. पाचपैकी दोन तारे. त्यातला दीड जिन्याचा.