किमान वेतनाचा दावा, कामगार कार्यालय, वाकडेवाडी, पुणे: पाचपैकी साडेतीन गुण

पगार किमान वेतनापेक्षा कमी मिळत असेल तर नुसती तक्रार देऊन परतू नका, दावा लावा. तक्रारीवरून निरीक्षक येतो, रजिस्टर तपासतो, मालकाला दंडही होऊ शकतो. पण तो दंड तुमच्या खिशात येत नाही. बुडालेला फरक हवा असेल तर वेतन संहिता या केंद्राच्या नव्या कायद्याच्या कलम 45 खाली अर्ज करावा लागतो. तो कोणत्या अधिकाऱ्यापुढे चालेल हे आधी आवक टेबलावर विचारून घ्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. रेल्वे, बँक, कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या ठेकेदाराकडचे कामगार केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जातात, इथे नाही.

संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत सहा महिने होती, आता तीन वर्षं आहे. फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. सगळ्यात मोठा आधार कलम 59 चा: पगार पूर्ण दिला हे मालकाने सिद्ध करायचं.

तरीही हिशेबाचा तक्ता स्वतः करून न्या, कारण अर्ज अडतात ते इथेच. महिना, मिळालेली रक्कम, त्या महिन्याचा दर, फरक, असे चार रकाने पुरतात. दर कामगार विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. मूळ दर अधिक विशेष भत्ता (महागाई भत्ता) अशी बेरीज करायची. भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून वर्षभराला एकच आकडा लावला की तक्ता चुकतो. उद्योग कोणता, काम कुशल की अकुशल, जागा कोणत्या परिमंडळात (दरासाठी ठरवलेल्या भागात), यावरही दर ठरतो.

सोसायट्यांच्या वॉचमननी ओव्हरटाइमचा रकाना सोडूच नये. बारा तासांच्या ड्यूटीत चार तास जादा, तेही दुप्पट दराने, म्हणजे आठ तासांचा पगार. समजा महिन्याचा दर 14,500 आहे. 26 दिवस बारा-बारा तास भरले तर देणं 29,000 होतं. एजन्सी 15,000 देऊन 'किमानपेक्षा जास्तच देतो' म्हणते, तेव्हा जवळपास निम्मा पगार बुडालेला असतो.

पुरावा म्हणून बँक पासबुक, ओळखपत्र आणि ड्यूटी चार्टचे फोटो जोडा. पीएफ पासबुक आवर्जून काढा. त्यात मालकाने दाखवलेला पगार असतो, आणि खात्यात आलेल्या रकमेशी तो जुळत नाही तेव्हा मालकाला उत्तर देणं जड जातं. खात्यात पूर्ण पगार टाकून रोख परत मागण्याची पद्धतही आहे. तिथे दर महिन्याला पगारानंतर लगेच काढलेली तेवढीच रक्कम पासबुकात ठळक दिसते, तिच्यावर खूण करा. परत मागणारे मेसेज पुसू नका.

ठेकेदाराबरोबर, जिथे काम करता त्या मूळ कंपनीलाही प्रतिवादी करा. ठेकेदार गाशा गुंडाळून गेला तर वसुलीला कोणी उरत नाही, आणि कलम 43 प्रमाणे मालकाने (इथे ठेकेदाराने) पगार थकवला तर आस्थापनेच्या मालक कंपनीवर जबाबदारी येते.

दीड गुण कापला तो वेळेसाठी. तीन महिन्यांत निकाल द्यायचा 'प्रयत्न' करावा एवढंच कायदा म्हणतो, आणि रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक तारीख एका खाड्याची पडते. मालकांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून तडजोडीचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला पुढे येतो. तक्ता समोर ठेवूनच बोला. कोऱ्या व्हाउचरवर किंवा 'फुल अँड फायनल'वर पैसे जमा होण्याआधी सही नको. कमी पगारावर राजी असल्याचं लिहून दिलं असलं तरी किमान वेतनाचा हक्क जात नाही, त्या कागदाला घाबरू नका.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगारांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोंदणीकृत युनियनचे सभासद असाल तर युनियनही तुमच्या वतीने अर्ज करू शकते. आदेश होऊनही मालकाने पैसे भरले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली दाखला पाठवायला लेखी अर्ज द्या. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.