शॅमेलिऑनच्या डोळ्यांसाठी पाणी: टायमरवरचा मिस्टर की हातातला फवारणी पंप?

नागपुरात व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा परदेशी सरडा) पाळणारे आम्ही मोजकेच. त्यामुळे कोणी नवीन माणूस या नादाला लागला की ओळखी-ओळखीतून त्याचा फोन माझ्याकडे येतो. पिंजरा, अतिनील किरणांची (यूव्हीबी) ट्यूब, फांद्या हे सगळं त्याचं ठरलेलं असतं. अडलेलं असतं ते पाण्यावर. ऑटोमॅटिक मिस्टर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप बारीक फवारा मारणारं मशीन बसवू, की हातानेच फवारू? मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी दीड वर्ष मशीन होतं, आता अडीच वर्षं झाली पंप आहे. माझ्या घरी एकच प्राणी आहे, तेव्हा माझा अनुभव सगळ्यांना लागू पडेल असं म्हणणार नाही. पण डोळ्यांच्या बाबतीत जे पाहिलं ते सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. काटोल-कळमेश्वरकडे पावसाळ्यात कुंपणावर डुलत चालताना दिसतो, तो आपला देशी सरडगुहिरा, म्हणजे इथलाच शॅमेलिऑन. त्याला घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. जखमी सापडलाच तर १९२६ वर वनविभागाला कळवा, किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, जिथे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. मी लिहितो आहे ते येमेन आणि सौदी अरेबियाकडच्या व्हेल्डबद्दल, तेही पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेल्या.

आता पाण्याचा आणि डोळ्याचा संबंध. शॅमेलिऑनच्या वरच्या-खालच्या पापण्या एकमेकींना जुळून त्यांचा शंकू झालेला असतो, मध्ये बाहुलीपुरतं भोक. त्या शंकूच्या आत धुळीचा कण गेला किंवा कातीचा तुकडा अडकला तर पंजाने तो निघत नाही. मग प्राणी डोळा फुगवतो, आतल्या आत गोल गोल फिरवतो, फांदीवर घासतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला डोळा आता बाहेरच येतो की काय असं वाटतं. हे धुणं तो मनासारखं करतो ते अंगावर बराच वेळ पाणी पडत असताना. माझा हिरू पहिलं दीड मिनिट तर नुसता आक्रसून बसतो. मग एक डोळा फुगतो, मग दुसरा, आणि त्यानंतर कुठे पानावरचे थेंब चाटायला लागतो. वीस-तीस सेकंदांच्या फवाऱ्यात पानं ओली होतात, डोळे धुतले जात नाहीत. मशीन घ्या की पंप, हा हिशेब आधी डोक्यात पक्का ठेवा.

या हिशेबाने पाहिलं तर मशीन सरस वाटतं, आणि काही बाबतीत ते आहेच. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं, ते थकत नाही. फवारा इतका बारीक की जनावर दचकत नाही. सकाळी दिवा लागायच्या वेळी एकदा, संध्याकाळी एकदा, असं लावून दिलं की तुम्ही बुटीबोरीला सातच्या शिफ्टला असलात तरी त्याला पाणी मिळतं. माझं मशीन साधं होतं, डायफ्राम पंप, दोन नोझल, पातळ नळी आणि सॉकेटला लावायचा टायमर. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. पहिले चार महिने मी त्याचं कौतुक सांगत फिरत होतो, आणि तेव्हा ते खरंच कौतुकासारखं होतं.

मग उन्हाळा लागला. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की टाकीत बोअरचं पाणी मिसळतात, आणि बोअरचं पाणी किती जड असतं ते नागपूरकराला सांगायला नको. गिझरची कॉइल काढून पाहिली की कळतं. त्या पाण्याने नोझलच्या तोंडाशी पांढरा थर धरला. नोझल एका दिवसात बंद पडत नाही. आधी फवाऱ्याचा शंकू तिरका होतो, मग एका बाजूला धार लागते, मग तीही बारीक होते. माझ्या दोनपैकी डावीकडचं नोझल असंच हळूहळू गेलं. उजवीकडचं नीट चालू होतं, त्यामुळे मी कामावरून यायचो तेव्हा पिंजऱ्यातला पोथॉस (मनी प्लांट) ओला, काच ओली, खालच्या ट्रेमध्ये पाणी. सगळं जागच्या जागी. फक्त हिरू ज्या फांदीवर बसायचा, तिथे पाणी पोचत नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही कूलरला नव्या ताट्या बसवल्या होत्या. नव्या ताट्यांमधून पहिले दोन-तीन दिवस काड्यांचा भुसा उडतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तो भुसा कुणाच्या डोळ्यात जाईल याचा विचार मी केला नव्हता. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, याचा एक डोळा कालपासून बंदच दिसून राहिला." मी पाहिलं तर डावा डोळा मिटलेला, कडा सुजलेली. उजव्या डोळ्याने तो झुरळाकडे पाहत होता आणि जीभ दोन बोटं बाजूला मारत होता. डॉक्टरांनी कोमट सलाइनने डोळा धुतला, एक बारीक काडीचा तुकडा निघाला, थेंब दिले. दहा-बारा दिवसांत डोळा पूर्ण उघडला. जखम खोल गेली नाही.

हा सगळा दोष मशीनच्या माथी मारणं बरोबर नाही, हे मला कळतं. ताट्या मी बसवल्या, नोझल मी तपासलं नाही. त्यानंतर मी आरओचं पाणी वापरायला लागलो आणि पांढरा थर जवळजवळ थांबला. पण मे महिन्यात नळीत बुळबुळीत शेवाळी थर धरायला लागला आणि नोझल पुन्हा अडकलं. वादळात लाइट जायचे, तेवढा वेळ चाकाचा टायमर थांबायचा आणि मागे पडायचा. एकदा रात्री पावणेदहाला पंपाचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर अंधारात झोपलेल्या प्राण्यावर पाणी पडत होतं. बॅटरीवाला डिजिटल टायमर घेतला की हा त्रास मिटतो. नोझलचा मिटत नाही, निदान माझा तरी मिटला नाही. आणि नोझल अर्धं बंद आहे हे मशीन सांगत नाही. पंपाचा आवाज तोच, वेळ तीच, पानं ओली. दर दोन दिवसांनी समोर उभं राहून दोन्ही फवारे डोळ्यांनी पाहायचे असतील, तर माझी वेळ वाचली कुठे, या प्रश्नावर माझं मशीन माळ्यावर गेलं.

पंप मी कॉटन मार्केटकडच्या एका शेती अवजारांच्या दुकानातून घेतला. पाच लिटरचा, वरून दांडा मारून हवा भरायची आणि खटका दाबून लॉक करायचा. दुकानदाराने विचारलं, "संत्र्यावर मारायला का भाऊ?" खरं सांगितलं तर त्याने नोझल बदलून एकदम बारीक फवाऱ्याचं दिलं. एक सांगून ठेवतो, गावाकडे बागेत वापरलेला पंप कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नका. औषधाचा अंश वायसरमध्ये, नळीत राहतोच. नवीनच घ्या, आणि त्यात पाण्याशिवाय कधी काही घालू नका.

एकदा हवा भरली की माझ्या पंपात साधारण दोन मिनिटांचा दाब राहतो. मध्ये पुन्हा दहा-बारा दांडे मारावे लागतात. सकाळी तीन-चार मिनिटं, संध्याकाळी तेवढीच. हात दुखतो, खोटं कशाला सांगू. सुट्टीच्या दिवशी उशिरा उठावंसं वाटलं तरी उठावं लागतं. पहिले पंधरा दिवस हिरू माझ्याकडे तोंड वासून पाहायचा, कारण माणूस आणि पाणी दोन्ही एकदम येतात. फवारा थेट तोंडावर न मारता वरच्या पानांवर मारला, म्हणजे पाणी पावसासारखं खाली येतं. असं केल्यावर तो शांत झाला. मशीनला हे शिकवावं लागत नाही, हा त्याचा गुण मान्य.

पण त्या चार मिनिटांत मी त्याच्यासमोर उभा असतो. कोणता डोळा आधी फुगला, कोणता फुगलाच नाही, भोकाच्या कडेला कात चिकटली आहे का, दोन्ही डोळे मोकळेपणाने फिरतात का, हे आपोआप दिसतं. गेल्या दिवाळीच्या आसपास उजव्या डोळ्याच्या कडेला कातीचं कडं राहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी दिसलं, म्हणून त्या आठवड्यात एक वेळ फवारा वाढवला आणि ते त्याने स्वतःच फांदीवर घासून काढलं. मशीनच्या दिवसांत हे मला केव्हा दिसलं असतं, सांगता येत नाही.

पाण्याचं तापमान ही आपल्याकडची खास अडचण, आणि इथेही मी पंपाकडे झुकतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एरवीही नवतपात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं. मशीनची नळी खिडकीजवळून गेली असेल तर पहिला फवारा गरमच येतो. उलट डिसेंबरच्या पहाटे तेच पाणी इतकं गार की शॅमेलिऑन डोळे मिटून पाठ फिरवतो, आणि धुणं बाजूलाच राहतं. पंपात मी माठाशेजारी रात्रभर ठेवलेलं आरओचं पाणी भरतो, थंडीत त्यात थोडं कोमट मिसळतो, आधी स्वतःच्या मनगटावर फवारून पाहतो. मशीनच्या टाकीतही हे करता येईल, पण रोज कोण करणार.

पंपाची उणीव एकच, ती म्हणजे दुपार. त्यासाठी मी ड्रिपर लावला आहे. मेडिकलमधून आयव्ही सेट आणला, सुई काढून टाकली, वर स्वच्छ बाटली टांगली आणि चाकाने थेंब कमी-जास्त करतो. दोन-तीन सेकंदाला एक थेंब मोठ्या पानावर पडत राहिला की दुपारभर त्याला प्यायला मिळतं. वाटीतलं साचलेलं पाणी हे सहसा पीत नाहीत. ड्रिपरने डोळे धुतले जात नाहीत, तहान भागते. ती भागते आहे का हे विष्ठेवर पाहा. तिच्यातला युरेटचा, म्हणजे लघवीचा घट्ट भाग पांढरा असेल तर ठीक, पिवळा-नारिंगी झाला तर पाणी कमी पडतं आहे. डोळे खोल गेलेले दिसायला लागले तर बरंच कमी पडलं आहे.

फॉगरबद्दल, म्हणजे धुकं सोडणाऱ्या यंत्राबद्दलही विचारतात. नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसा नको, गरम कोंदट हवेने श्वासाचा आजार होतो. डोळे धुवायला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

आता जे पाण्याने बरं होत नाही त्याबद्दल, कारण माझा पंप सगळ्यावर उपाय आहे असा गैरसमज नको. दोन्ही डोळ्यांच्या कडा एकदम सुजल्या तर अ जीवनसत्त्वाची कमतरता आहे का हे आधी तपासावं लागतं. किड्यांना गाजर खाऊ घातलं म्हणजे भागलं, असं धरून चालू नका. बीटा-कॅरोटीनपासून लागेल तेवढं अ जीवनसत्त्व या प्राण्याला बनवता येत नाही असं मानतात, म्हणून रेटिनॉल (तयार अ जीवनसत्त्व) असलेली पावडर अधूनमधून लागते. पण तीही डॉक्टरांना विचारून, मोजून द्या, कारण जास्त झालेलं अ जीवनसत्त्वही बाधतं. नवा यूव्हीबी दिवा लावल्यावर दोन-चार दिवसांत दोन्ही डोळे मिटायला लागले तर आधी दिवा बंद करा. जुन्या पिळाच्या बल्बांनी हा त्रास अनेकांना दिला आहे, लांब ट्यूब योग्य अंतरावर असेल तर तो सहसा होत नाही. रात्री पिंजऱ्यात रातकिडे सोडून ठेवू नका, झोपलेल्या जनावराला ते चावतात, डोळ्यांनाही. आणि एकच डोळा फुगून टणक झाला असेल तर घरी धूत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, तो वाहून जात नाही. डॉक्टरांनाच काढावा लागतो.

घरात माणसांचे डोळ्यांचे थेंब असतात, ते घालण्याचा मोह टाळा. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो. साधं निर्जंतुक सलाइन, कोमट करून, दोन थेंब, एवढंच घरी करावं. दिवसा डोळा मिटून बसलेला शॅमेलिऑन झोपलेला नसतो. एक पूर्ण दिवस असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तो नजरेवर शिकार करतो, डोळे मिटले की खाणं बंद. सरपटणाऱ्या प्राण्यांचा हात असलेले डॉक्टर मोजके आहेत, त्यांचा नंबर प्राणी आणायच्या आधीच घेऊन ठेवा.

तर कोणी काय घ्यावं? घरात सकाळ-संध्याकाळ कोणीतरी असतं आणि प्राणी एक-दोनच आहेत, तर माझ्या मते पाच लिटरचा पंप आणि आयव्ही सेटचा ड्रिपर. खर्च हजाराच्या आत. फिरतीची नोकरी असेल किंवा पिंजरे चार-पाच असतील तर मशीन टाळता येणार नाही, आणि ते घेण्यात काही चूकही नाही. मात्र पाणी आरओचंच घाला. नळी अपारदर्शक काळी घ्या, तिच्यात शेवाळ कमी धरतं. टायमर बॅटरीवाला घ्या. प्रत्येक पिंजऱ्यावर एकाऐवजी दोन नोझल, आणि दोन्ही त्याच्या बसायच्या फांदीकडे वळवलेली. दर रविवारी ती काढून तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका, भरपूर साध्या पाण्याने धुवा आणि परत लावल्यावर समोर उभं राहून एक पूर्ण फवारा पाहा.