दोन टीबीची डिस्क टाकून दहा महिने झाले, कॅसेट अजून संपल्या नाहीत

मागच्या जूनमध्ये लॅपटॉपमधली ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून २ टीबीची टाकली, त्याला आता दहा महिने होतील. तेव्हा ज्यांनी ज्यांनी "कशी आहे गं?" विचारलं त्यांना मी "वापरू तर दे जरा" म्हणून टाळत होते. आता वापरून झालीये, मधे एकदा तिच्यापायी रडूनही झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मुळात एवढी जागा कशाला लागली, तर बाबांच्या कॅसेट. ३४० च्या आसपास आहेत, माळ्यावर पत्र्याच्या डब्यांत आणि बुटांच्या खोक्यांत. रेडिओवरून टेप केलेलं नाट्यसंगीत, वाड्यातल्या गणपतीचे कार्यक्रम, रामनवमीची कीर्तनं, आणि एका कॅसेटवर आजीच्या ओव्या. त्या सगळ्या लॅपटॉपवर घ्यायचं मी डोक्यात घेतलं. ६० मिनिटांची एक कॅसेट वेव्ह फाइलमध्ये घेतली की ६०० एमबीच्या थोडी वर जाते. पण तेवढ्यावर भागत नाही ना, ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) काम करताना फाइल ३२ बिटमध्ये ठेवतं म्हणजे दुप्पट, मग खरखर काढलेली वेगळी कॉपी, मूळ कॉपी तर पुसायची नाहीच. एका कॅसेटमागे अडीच जीबी धरा. जुन्या डिस्कवर ६० कॅसेटनंतर लाल पट्टी आली.

मग पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तापकीर गल्ली. गाडी न्यायचा वेडेपणा केला नाही, स्वारगेटहून मेट्रोने मंडई आणि तिथून चालत. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, हार्ड डिस्क कोण घेतं आता, एसएसडी घ्या." एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी, वेगवान डिस्क. मी म्हटलं, २ टीबीची एसएसडी केवढ्याला? त्याने आकडा सांगितला, त्यात दोन हार्ड डिस्क येऊन वर पावभाजी झाली असती. मला जागा पाहिजे, वेग घेऊन काय करू, कॅसेट तर आपल्याच वेगाने वाजणार! हे मी त्याला ऐकवलंसुद्धा, मोठ्या तोऱ्यात. साडेसहा हजारांच्या आसपास देऊन हार्ड डिस्क घेऊन आले. तो पोरगा बरोबर होता, पण अर्धाच, ते पुढे येईल.

एक काम मात्र मी शहाण्यासारखं केलं होतं, जुनी डिस्क आधी उघडून जाडी बघून गेले होते. लॅपटॉपच्या डिस्क सगळ्या अडीच इंची म्हणतात पण जाडी वेगळी असते, ७ मिमी, साडेनऊ मिमी, आणि ४-५ टीबीच्या तर १५ मिमी, त्या लॅपटॉपमध्ये जातच नाहीत. माझी जुनी साडेनऊची, नवी ७ ची. बारीक डिस्क जाड जागेत बसते, उलटं होत नाही. पण ती थोडी हलते, मी खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, आजतागायत तिथेच आहे.

उघडण्यात विशेष काही नाही. खालचे अकरा स्क्रू, त्यातले दोन रबरी पायांखाली दडलेले, ते सापडेपर्यंत मी जुन्या एटीएम कार्डाने झाकण उचकटत बसले होते. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्याचा स्क्रू तिथेच टोचून ठेवा, वाटीत टाकलेत तर कुठला लांब कुठला आखूड करत बसाल.

खरा घोळ क्लोन करताना, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरवताना. यूएसबीची केबल आणून नवी डिस्क बाहेरून जोडली, पेनड्राइव्हवरून क्लोनझिला हे नक्कल करायचं सॉफ्टवेअर चालू केलं. पहिल्यांदा चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लावली, तिथे सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही, म्हणजे ४०० जीबीला तीन साडेतीन तास. म्हटलं चालू दे, सकाळचे नऊ वाजलेत, जेवायच्या आत होईल. आणि वार होता गुरुवार, दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार! पुण्यात राहून गुरुवार विसरणारी मी एकटीच असेन. दहाला लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, पंचवीस मिनिटांत मान टाकली. संध्याकाळी पहिल्यापासून, यावेळी निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला, दीड तासात झालं.

डिस्क लावली, विंडोज चालू झालं, आणि सी ड्राइव्ह होता तेवढाच. नवी जागा दिसते पण "एक्स्टेंड व्हॉल्यूम" करडं, दाबलंच जाईना. कारण असं की क्लोन जसंच्या तसं उतरतं, सी च्या शेजारी रिकव्हरीचा छोटा पार्टिशन असतो तो पाचर मारल्यासारखा मधे बसतो आणि मोकळी जागा त्याच्या पलीकडे. ते सरकवायचे सॉफ्टवेअर असतात. मी त्या वाटेला गेले नाही, पलीकडच्या जागेचा सरळ डी ड्राइव्ह केला. तेच बरं, विंडोज वेगळं, कॅसेट वेगळ्या. आणि हो, २ टीबीची डिस्क १८६३ जीबीच दिसते, फसवलं म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

पहिले दोन महिने एकदम खूश होते. रोज संध्याकाळी एक कॅसेट. (जाता जाता, रेकॉर्डिंगमध्ये बारीक हुंकार येत असेल तर चार्जर काढून बघा, माझा निम्मा त्रास तिथेच गेला.) फक्त एक खटकायचं, मोठा फोल्डर डी वर टाकला की सुरुवातीला शंभर एमबीने पळायचा आणि चार-पाच मिनिटांनी पंधरा-वीसवर येऊन रांगत बसायचा. मी मनावर घेतलं नाही.

मग गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आजीची कॅसेट लावली. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती, हात बसल्यावर करू म्हणून. टेप इतकी जुनी की फिती कडेने वळल्यात, किती वेळा वाजेल सांगता येत नाही. बाबा शेजारी बसलेले. जात्याची घरघर, मग आजीचा आवाज, तिसऱ्या ओवीनंतर ती थांबते आणि विचारते, "अरे, ते चालू आहे का?" आणि तरुण बाबा मागून म्हणतात, "चालूय गं, तू म्हण." बाबांनी चष्मा काढला. मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. कॅसेट संपली तर ऑडॅसिटीची चौकट, "रेकॉर्ड केलेला आवाज खुणा केलेल्या जागी हरवला आहे." सात ठिकाणी! एक नेमकी "तू म्हण"वर. मागे कसलातरी अपडेट उतरत होता आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के गुंतलेली.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले तेव्हा कळलं. मोठ्या, बारीक, स्वस्त लॅपटॉप डिस्क बहुतेक एसएमआर प्रकारच्या असतात. म्हणजे कमी जागेत जास्त माहिती मावावी म्हणून चकतीवरचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, मंगलोरी कौलांसारखे. रचत गेलात तर भराभर होतं, पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं की वरची ओळ उचलून परत लावावी लागते. डिस्क आधी सगळं एका राखीव जागेत घेते आणि निवांत झाली की कौलं रचत बसते, ती जागा भरली की मग रांगणं सुरू. माझ्या डिस्कवर एकाच वेळी विंडोज लिहितंय, अपडेट लिहितोय, ऑडॅसिटी लिहितंय. रेकॉर्डिंगला सेकंदाला ३५० केबी लागतात फक्त, तेवढंही तिला त्या क्षणी जमलं नाही. खोक्यावर एसएमआर शब्द नव्हता. मॉडेल नंबर टाकून शोधलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं, मी फक्त टीबी बघितले.

डिस्क वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मी तिला चुकीच्या कामाला लावलं होतं. साठवायला ती उत्तम आहे. दिवाळीत २५० जीबीची साधी साटा एसएसडी आणली, मुख्य जागी ती, आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालून त्यात २ टीबीवाली. कॅडी चारशेला मिळाली पण इथेही जाडी, पहिली साडेनऊची आणली आणि माझा ड्राइव्ह निघाला १२.७ चा, परत मंडई. दुकानातल्या त्याच पोराने बदलून दिली, काही बोलला नाही, फक्त हसला. विंडोज यावेळी कोरं टाकलं. आधी चालू व्हायला दोन-अडीच मिनिटं लागायची, आता वीस सेकंद. रेकॉर्डिंग एसएसडीवर होतं, रात्री तयार फाइल डी वर सरकवते. आणि रेकॉर्ड करताना वायफाय बंद, माझा लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तसंही तो नेटवर कमीच असतो.

कॅडीतल्या डिस्कच्या तक्रारी म्हणाल तर, झोपलेली असेल तर फोल्डर उघडायला तीन-चार सेकंद लावते, आणि मनगटाखाली बारीक थरथर जाणवते. स्कूटरवर न्यायचा असेल तर मी लॅपटॉप नुसता मिटत नाही, पूर्ण बंद करते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काल बघितलं, १४०० च्या वर तास चाललीये, खराब सेक्टर शून्य. जुनी ५०० वाली डबीत घालून यूएसबीवर बॅकअपला ठेवलीये, तिच्यात सगळं मावत नाही, फक्त पुन्हा न मिळणारं ठेवते.

आजीची कॅसेट डिसेंबरात परत लावली. फीत आधी दोनदा हाताने पुढे-मागे गुंडाळून घेतली, वाजताना मी श्वास रोखून होते. शेवटच्या दोन ओव्यांत आवाज थोडा दबलाय, पण "चालूय गं, तू म्हण" अख्खं आलं. २१८ कॅसेट झाल्यात, डी वर १३०० जीबी मोकळी दिसते. उरलेल्यांत बरीच कीर्तनं आहेत, ती ९० मिनिटांची आहेत.